दार्ष्टांतिकाचा कर्ता : केसोबास

महानुभाव गद्याच्या चर्चेत ‘लीळाचरित्रा’ला मिळणारे प्राधान्य योग्यच आहे. मात्र त्यामुळे केशिराज व्यास ऊर्फ केसोबास हे केवळ संकलक ठरतात. ही ओळख अपुरी आहे.

म्हाइंभटांनी इ.स. १२७८ च्या सुमारास चक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या. त्यांतील वचने प्रसंगांपासून वेगळी करून केसोबासांनी विषयवार लावली व ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार नित्य पदार्थांचे तत्त्वज्ञान त्यामुळे शास्त्ररूप पावले. बाराव्या शतकात पीटर लोंबार्ड याने ख्रिस्ती आचार्यांची वचने अशीच विषयवार लावली होती आणि थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) याने त्या ग्रंथावर भाष्य लिहिले. विखुरलेल्या वचनांना व्यवस्था देण्याची विद्वत्परंपरेची निकड दोन्हीकडे सारखीच दिसते. या व्यवस्थेची किंमतही असते. वचन कोणाला, कोणत्या निमित्ताने सांगितले, हे सूत्रातून लोपते. म्हणूनच पुढे पंथाला सूत्रांचे प्रसंग पुरविणारे ‘प्रकरणवश’ रचावे लागले.

‘दृष्टांतपाठा’त केसोबासांची मीमांसा स्पष्ट होते. येथील ११४ दृष्टांतांची मांडणी त्रिपदरी आहे : सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. जात्यंधांपैकी कोणाला हत्ती खांबासारखा, कोणाला सुपासारखा भासतो, हा दृष्टांत झाला. त्याचा परमेश्वरज्ञानाशी संबंध जोडणे हे दार्ष्टांतिकाचे काम. गुरुवचन आणि स्वतःचा अर्थ यांची सरमिसळ केसोबास होऊ देत नाहीत. परिणामी दार्ष्टांतिक अमान्य करूनही वाचकाला दृष्टांत जपता येतो. भाष्यकाराने स्वतःवर घातलेली ही मर्यादा समीक्षादृष्ट्या मोलाची आहे.

केसोबास संस्कृतज्ञ होते. ‘रत्नमालास्तोत्र’ त्यांनी संस्कृतातच रचले. मात्र शास्त्र संस्कृतात गेल्यास सामान्य वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना तसे करू दिले नाही, असे ‘स्मृतिस्थळ’ सांगते. अक्वायनसची मीमांसा लॅटिनमध्ये, म्हणजे विद्वानांच्या वर्तुळातच राहिली. केसोबासांना तीच शिस्त बोलीच्या गद्यात पाळावी लागली. मराठीतील अर्थनिर्णयाच्या परंपरेचा आरंभ शोधताना म्हणूनच दार्ष्टांतिकापाशी थांबणे अपरिहार्य ठरते.