‘मानसोल्लासा’तील मत्स्यविनोद आणि ‘गळ’ हा शब्द

कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण गळाने मासे धरण्याच्या इतिहासाचे मोलाचे साधन होय. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याचा परामर्श घेतला.

सोमेश्वर माशांचे खाऱ्या व गोड्या पाण्यातील, तसेच खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे वर्ग पाडतो. त्यांचे खाद्य, दोरी, काठी व गळ यांचेही विवेचन करतो. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका प्रबंधात लोकर व पिसे गळास बांधून बारा कृत्रिम कीटक करण्याची रीत आली आहे. आमिष निराळे, परंतु माशाचे खाद्य ओळखून साधन निवडावे हे तत्त्व एकच.

हे ज्ञान केवळ राजवाड्यात उपजले नसावे. कोशांतील ‘बडिश’ हा संस्कृत शब्द मराठी बोलीत रुजला नाही. रुजला तो ‘गळ’, आणि कन्नडातही त्याच अर्थी ‘गाळ’ आहे. ग्रंथावर नाव राजाचे आहे. अनामिक भोई-कोळ्यांचा त्यातील वाटा शोधावयाचा, तर पंचगंगा-कृष्णाकाठच्या बोलींतील मत्स्यनामे व साधननामे प्रथम संगृहीत केली पाहिजेत.