दिनविशेष, ३ मार्च : मिरजेचे वानलेस डॉक्टर

३ मार्च १९३३. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे संस्थापक, शल्यविशारद सर विल्यम वानलेस यांचे अमेरिकेत निधन झाले. जन्माने ते कॅनडाचे. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि पुढची तीन दशके तिथेच शस्त्रक्रिया केल्या.

चांगल्या हाताचे सर्जन तेव्हाही होते. वानलेस वेगळे ठरले ते शिकवण्यामुळे. रुग्णालयाच्या जोडीने त्यांनी वैद्यकीय शाळा काढली, इथल्याच तरुणांना डॉक्टरकी शिकवली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत आले ते १९६२ मध्ये. म्हणजे शिकवणी आधी, कॉलेज मागाहून!

आजही मिरज जंक्शनवर उतरणाऱ्यांच्या एका हातात एक्स-रेचे मोठे पाकीट असते, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. कोणी कोकणातले, कोणी बेळगाव-विजापूरकडचे. सतारींचे गाव खरे, पण सतार घ्यायला येणारे थोडे, दवाखाना विचारणारेच फार. वाटेत, सांगली-मिरज रस्त्यावर, क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या आरोग्यधामाची वानलेसवाडी लागते. तिथे उतरणाऱ्यांपैकी किती जणांना ते एका डॉक्टरचे आडनाव आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.