नाईक : आडनाव की हुद्दा?

ऑफिसच्या ॲड्रेस बुकमध्ये 'नाईक' टाईप करून बघा. एखादा गोव्याचा निघेल, एखादा कारवारचा, एखादा पुण्या-साताऱ्याकडचा. आणि कुणी पुसद-महागावकडचा निघालाच, तर तो बंजारा असण्याची शक्यता बरीच. या सगळ्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. म्हणजे डेटाबेसच्या भाषेत बोलायचं तर आडनाव ही अगदीच भिकार प्रायमरी की आहे :)

कारण सोपं आहे. नायक म्हणजे पुढे चालणारा, पुढारी. हा हुद्दा होता, आणि ज्याला ज्याला मिळाला त्याने तो घरात ठेवून घेतला. फलटणचे नाईक-निंबाळकर नाईक, इंग्रजांनी १८३२ साली पुण्यात फाशी दिलेले रामोशी वीर उमाजी नाईकही नाईकच, आणि सैन्यात आजही लान्स नाईकच्या वरची पायरी नाईक. पाटील, देशमुख, कुलकर्णी यांचीही हीच कथा. जगभर असंच चालतं म्हणा. इटलीतल्या ज्या 'फेरारी'वर आपण जीव टाकतो, त्या आडनावाचं मूळ लोहारकामात आहे.

पण बंजाऱ्यांच्या नाईकांचं प्रकरण मला सगळ्यात रंजक वाटतं, कारण हुद्द्याचं आडनाव होताना तिथे जवळजवळ डोळ्यांसमोर दिसतं.

रेल्वे यायच्या आधी मालवाहतूक म्हणजे बैल, आणि बैल म्हणजे बंजारे. धान्य, मीठ पाठीवर लादून हजारो बैलांचे तांडे देशभर फिरायचे. मुघल फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हा त्यांना धान्य पुरवायला बंजाऱ्यांचे बैल होतेच. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो, की एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत आणि तांड्याचा मुख्य राजासारखा थाटात, गळ्यात मोत्यांची माळ घालून चालत असे. तांड्याचा हा मुख्य म्हणजेच नाईक. त्याच्या हाताखाली कारभारी. भांडणतंटा झाला की नसाब बसायची, म्हणजे तांड्याची पंचायत, आणि तिथे नाईकाचा शब्द वजनाचा. तांडाही बहुतेक त्याच्याच नावाने ओळखला जायचा.

आता हे बघा. या नाईकाला स्वतःचं कुळ होतंच. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही बंजाऱ्यांची मोठी गोतं, आणि प्रत्येकाच्या पोटात पुन्हा 'पाडे'. सेवालाल महाराजांच्या वडिलांचं नाव भीमा नाईक, कुळ मात्र राठोड. अठराव्या शतकातल्या त्या माणसाला कुणी 'आडनाव काय?' असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. नाईक हे त्याचं काम होतं.

मग काम गेलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि बैलांची गरज संपत चालली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि फिरस्त्या माणसाकडे सरकार संशयाने बघू लागलं. वऱ्हाडातले बंजारे हळूहळू शेतीकडे वळले, तांडे एका जागी थांबले. पुसद तालुक्यातलं गहुली असंच वसलेलं. ते वसवणारं घराणं मूळचं राठोड, पण तांड्याची नाईकी त्यांच्याकडे होती. त्या घरात १ जुलै १९१३ रोजी जन्मलेला मुलगा पुढे वकील झाला आणि १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला, तो वसंतराव नाईक या नावाने. पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले तेही नाईकच. बैल नाहीत, लदेणी नाही, तरी हुद्दा आडनाव होऊन थेट मंत्रालयात पोचला!

माझ्या मते यात खरा वाटा आहे सरकारी रकान्याचा. शाळेचा दाखला, सातबारा, मतदारयादी, सगळीकडे 'आडनाव' अशी एक जागा असते आणि ती भरावीच लागते. नाईकाच्या घरात कुणी तिथे नाईक लिहिलं, बाकीच्यांनी गोत लिहिलं. म्हणून महागाव तालुक्यातल्या एखाद्या तांड्यात नाईक आणि राठोड शेजारी राहतात आणि एकाच कुळाचे निघतात.

वरवर ही गंमत आहे, पण जातीचा दाखला काढायला गेलं की घाम फुटतो. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत येतात, आणि त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. आता आजोबांच्या कागदावर नाईक आणि नातवाच्या कागदावर राठोड असेल, तर दोघं एकाच घरातले हे सिद्ध करत बसा. त्यात २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीत घ्या म्हणून बंजाऱ्यांचे मोर्चे निघाले. पण पैनगंगेपलीकडचा नांदेड निजामाच्या कारभाराखाली होता, तर अलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या. नदीच्या दोन काठांवर एकच लोक, आणि दप्तरं वेगळी.

आणखी खाली, तेलंगणात वरंगळ-खम्ममकडे गेलात तर राठोडांचं गोत 'भुक्या' म्हणून भेटतं. तिथे भुक्या हेच आडनाव, आणि नावापुढे नाईक लावायची पद्धतही आहे, जुन्या मानासारखी. १९७६ च्या कायदादुरुस्तीनंतर तिथले लंबाडे अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकातले अनुसूचित जातीत.

सोयरीक जुळवताना मात्र बंजारा घरातली म्हातारी माणसं आडनाव ऐकून गप्प बसत नाहीत. नाईक म्हणालात तर लगेच पुढचा प्रश्न येतो, "गोत कोणतं? पाडा कोणता?" उत्तर राठोड आलं आणि समोरचा भुक्या निघाला, तर दोघं भाऊबंद. लग्न होत नाही. चहा मात्र होतो.