कंपाउंडर गेला, चिठ्ठी उरली

अकोला–पूर्णा लोहमार्गावरच्या जऊळक्यासारख्या वऱ्हाडी गावात डॉक्टर आणि मेडिकलवाला यांचा संबंध बहुधा चिठ्ठीपुरताच उरतो. हा दुरावा परंपरेने आलेला नाही. जुन्या दवाखान्यात डॉक्टर रोगी तपासत आणि आडोशामागे कंपाउंडर मिक्श्चर तयार करून बाटलीला मात्रेच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवी. शंका आली तर दोन पावलांवर विचारता येई. मात्र कंपाउंडरच्या शिक्षणाची हमी नव्हती आणि बाजारात भेसळ माजली होती. म्हणून औषधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या 1930–31 च्या चोप्रा समितीनंतर 1940 चा औषध कायदा आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हे बंधन 1984 पर्यंत जवळपास देशभर लागू झाले.

ही विभागणी योग्यच होती, पण तिच्यामुळे दोघांनी एकमेकांशी बोलू नये असे कोणी ठरवले नव्हते. 1946 च्या भोर समितीने 40,000 लोकवस्तीच्या आरोग्य केंद्रासाठी दोन डॉक्टरांबरोबर एक फार्मासिस्ट मागितला होता. सरकारी केंद्रात ते पद टिकले. खासगी दवाखाना आणि मेडिकल यांच्यात मात्र तशी घडी कधी बसलीच नाही. फार्मसी व्यवसायाच्या 2015 च्या नियमांनी रुग्णाला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले, तरी ‘ही गोळी आधीच्या गोळीबरोबर चालेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची रोजची वाट तयार झाली नाही.

अशी वाट करून द्यावी म्हटले की आक्षेप येतो, चिठ्ठीविना अँटिबायोटिक विकणाऱ्याला आणखी मोकळीक कशाला? दोष खरा आहे, पण उपाय उलटा सुचवला जातो. गिऱ्हाईक समोर अडून बसले की एकट्या दुकानदाराला नकार देणे जड जाते. डॉक्टरांना लगेच विचारता आले तर तोच नकार सोपा होतो. दुसरी भीती डॉक्टर आणि दुकानदार यांच्यातल्या कमिशनची. त्यावर उतारा म्हणजे विचारणा लेखी ठेवावी आणि तिच्यात पैशाचा संबंध नसावा. क्षयरोगाच्या बाबतीत सरकारने 2018 मध्ये औषध विक्रेत्यांवरही रुग्णाची माहिती कळवण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे काउंटरवर जे दिसते ते आरोग्यव्यवस्थेला हवे आहे, हे मान्यच झाले. मधुमेहाच्या रुग्णाने महिन्याच्या गोळ्या नेल्या नाहीत, हेही तिथेच आधी कळते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर फोन नंबर लिहावा, फार्मासिस्टने शंका व रुग्णाने न नेलेली औषधे कळवावीत. उपचार डॉक्टरच ठरवतील. पण त्यांना ही माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.