गिअरपेटी, ट्रॅक्टरची (हिंगोली जिल्हा)

इंजिनाचे फेरे कमी करून चाकांचा जोर वाढवणारी व चालीची दिशा बदलणारी दंतचक्रांची पेटी. बोलीत ‘गिअर बॉक्स’.

रचना : बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरपेटी आणि डिफरन्शियल बोल्टांनी जोडले की तोच सांगाडा. म्हणून नुसती क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. पुढचे चार व मागचा एक गिअर, त्यांना हाय-लोची जोड. अशा ८ पुढे, २ मागे या मांडणीची यंत्रे सर्रास दिसतात. जुन्या यंत्रांत गिअर सरकून दातात दात बसतो. कॉन्स्टंट मेशमध्ये चक्रे सतत गुंतलेली असतात, सरकते ती फक्त कपलिंग.

कामाचा ताण : काळ्या चिकण रानातली नांगरट, वसमत भागात पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारे हळद पॉलिशचे ड्रम आणि पूर्णा कारखान्याकडे जाणारी उसाची डबल ट्रॉली. यांतले शेवटचे सर्वांत घातक. उतारावर न्यूट्रल करून सोडलेला भरला ट्रॅक्टर पुन्हा गिअरमध्ये घालताना दात तुटतात. शिवाय इंजिनाचा रोध गेल्याने सारा भार ब्रेकवर येतो.

बिघाड व दुरुस्ती : पेटी खोलण्याआधी क्लच पाहावा, गिअर टाकताना होणारी खरखर पुष्कळदा क्लच पूर्ण न सुटल्याची असते. गिअर आपोआप निसटत असेल तर कपलिंगच्या दातांचे कोपरे झिजलेले, गोळी-स्प्रिंग ढिली किंवा शिफ्टर फोर्क वाकलेला असतो. दोन गिअर एकदम पडून पेटी जाम झाल्यास इंटरलॉक तपासतात. ऑइल दुधाळ झाले की पाणी शिरले असे समजावे. चिखलणीनंतर हे हमखास बघावे. अनेक मॉडेलांत हेच ऑइल हायड्रॉलिक लिफ्टलाही पुरते, त्यामुळे पेटीतला लोखंडी कीस पंपापर्यंत पोचतो आणि लिफ्ट मंदावते. डिफरन्शियलमधले क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलतात, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. जोडीचा क्रमांक दोन्हींवर कोरलेला सापडतो. नवी जोडी बसवताना शिम घालून दातांमधली मोकळीक पुस्तिकेतल्या मापाला आणावी लागते. हा खटाटोप टाळला की नवे दातही ओरडू लागतात.

पेटी डिझेलने धुवावी की नाही, यावर मिस्त्रींमध्ये एकमत नाही. धुतलीच तर डिझेल पूर्ण निथळू द्यावे.