मोटारीतल्या सुरांचा सोस

नवी मोटार दारात आली की आधी पूजा आणि लगोलग 'सिस्टीम', हा क्रम शहरी मध्यमवर्गाने अनेक वर्षे निष्ठेने पाळला. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या साध्या मॉडेलात स्टिरिओ नसे. तो बाहेरून बसवून घ्यावा लागे. आज कारखान्यातूनच स्पीकर आणि रंगीत पडदा बसून येतो, तरीही दिल्लीच्या करोल बागेपासून थेट तालुक्याच्या गावातील दुकानांपर्यंत स्टिरिओ बदलून घेणाऱ्यांची वर्दळ थांबलेली नाही.

हा सोस जवळपास मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेत शिकागो येथील पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवता येणारा रेडिओ विक्रीस आणला. त्याला दिलेले 'मोटोरोला' हे नाव इतके रुजले की १९४७ मध्ये कंपनीनेच ते धारण केले. युरोपात ब्लाउपुंक्टचा संच १९३२ चा. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, १९८४ मध्ये सीडी मोटारीत आली. भारतात २००१ पासून खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या आणि कोंडीत अडकलेल्या चालकाला नवा सोबती मिळाला.

या हौसेला खरा आधार मिळाला तो मात्र एका रूक्ष जर्मन मानकाचा. डॅशबोर्डमधील स्टिरिओची खाच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असावी, असे 'डिन' मानकाने ठरवले. पुढे ते आंतरराष्ट्रीय झाले. गाडी कोणत्याही कंपनीची असो, जुना डबा काढून नवा सरकवता येऊ लागला. दुप्पट उंचीची 'डबल डिन' खाच हे त्याचेच भावंड.

संच घेताना ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल होते ती वॉटच्या आकड्यांनी. खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' असे ठळकपणे छापलेले असते. प्रत्यक्षात इंजिन सुरू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. या गणितात संचातील अंगभूत अॅम्प्लिफायर प्रत्येक स्पीकरला सलग २० वॉटच्या आसपासच शक्ती देऊ शकतो. छापलेला आकडा क्षणिक उच्चांकाचा असतो. पाहायचा तो 'आरएमएस' आकडा. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाजाची पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकी.

मग फरक पडतो कशाने? पहिला मान पुढच्या दारातील स्पीकरचा आणि दाराच्या पत्र्याचा. पातळ पत्रा आवाजाबरोबर थरथरतो आणि तबल्याच्या डग्ग्याचा खर्ज डबड्यासारखा वाजू लागतो. पत्र्याला आतून ब्युटिल रबराचे थर चिकटवणे हे दिखाऊ काम नव्हे, म्हणून दुकानदारही त्याचा आग्रह क्वचितच धरतो. पण माफक खर्चात एवढा पालट दुसरे काही घडवत नाही. डिकीत सबवूफर ठेवण्याचा विचार त्यानंतरचा. बंदिस्त केबिन खालच्या पट्टीतील स्वरांना आपोआप उठाव देते, त्यामुळे राक्षसी आकाराच्या पेटीची गरज नसते.

खरी जोखीम वायरिंगमध्ये असते. ५०० वॉटचा अॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीने चालला तर ४० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो, आणि स्टिरिओच्या मूळ वायरीचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. तिथूनच वीज घेतली, फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड घातला, की तापलेली वायर आग लावू शकते. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, ही अट टाळता येण्यासारखी नाही. मूळ वायरी कापून जोड दिल्यास वॉरंटीचा वादही ओढवू शकतो. त्यापेक्षा त्या मॉडेलसाठी मिळणारा तयार कनेक्टर बरा. आवाजाचेही तसेच. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणार नाही इतका तो चढवणे इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर स्वतःच्या कानांचे नुकसान होते ते वेगळेच.

अॅपल कारप्ले २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये आल्यावर फोनच संगीताचा साठा झाला. जुन्या गाडीचे मालक आता मुख्यतः याच सोयीसाठी डबा बदलतात. नव्या अनेक गाड्यांत मात्र वातानुकूलन आणि मागचा कॅमेराही त्याच पडद्याशी जोडलेला असल्याने तो काढता येत नाही. तिथे कारागीर पडद्याला हात न लावता मागे डिजिटल प्रोसेसर आणि अॅम्प्लिफायर जोडतात आणि स्पीकर बदलतात. काढलेले मूळ स्पीकर व कनेक्टर मात्र दुकानात सोडून येऊ नयेत. गाडी विकताना ते पुन्हा बसवून महागडा संच पुढच्या गाडीत नेता येतो.