स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या शुश्रूषागृहाची परीक्षा

वार्धक्यांत स्मृति गमावलेलें आपलें माणूस परक्या हातीं सोंपवावयाचें झाल्यास तें घर कशावरून पारखावें? इमारतीची स्वच्छता व डॉक्टरांच्या पदव्या पाहून आपण बहुधा समाधान मानतों. इतिहास मात्र निराळी कसोटी सुचवितो, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १९०१ मध्यें आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री फ्रांकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळांत आली. डॉ. आल्झायमर यांनीं तिचीं उत्तरें बारकाईनें टिपून ठेविलीं. १९०६ सालीं ती वारल्यावर तिचा मेंदू तपासला. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं त्या रोगाला आल्झायमर यांचें नांव दिलें. रोग्याच्या राहणीचा विचार मात्र फार मागाहून झाला. नोकरांच्या सोयीखातर रोग्यास बांधून ठेवूं नये, हें अमेरिकेंत १९८७ सालीं कायद्यानें सांगावें लागलें!

पुढें २००९ सालीं हॉलंडांत वेस्प येथें होगेवेक ही वसाहत उघडली. तेथें सहासात जणांचें एकेक बिऱ्हाड, दुकान, नाट्यगृह व मोकळे रस्ते आहेत. बाहेरची वेस तेवढी बंद. हा स्वातंत्र्याचा केवळ देखावा होय, हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तथापि खाटेला जखडलेल्यापेक्षां बाजाराला निघालेला मनुष्य अधिक मनुष्य राहतो, हें कोण नाकारील?

म्हणून घर पाहावयास जाणाऱ्यानें आधीं विचारावें : येथील माणूस दिवसभर काय करतो? तो दाराकडे निघाला तर त्याला नुसतें अडवितात, कीं कोणी सोबत चार पावलें चालतें? ज्याला स्वतःची तक्रारही आठवत नाहीं, त्याच्या वतीनें विचारणें हें आपलेंच कर्तव्य होय.